कन्व्हर्टरवरचं कुंकू

भाऊ, तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी धारणीची गाडी उघडली. चूक तुमची नव्हती. बाकीचं पुढे सांगतोच, पण एवढं आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही जायच्या आधी आणि नंतरही मी चारचौघांत याच्या अगदी उलट बोलत होतो.

पेपरात तुमचा फोटो आला होता. खाली नाव, नांदगाव पेठ रोडवरचं आपलं गॅरेज, शोकाकुल परिवार, सगळं रीतसर. फोटो कुठल्याशा लग्नातला, फेटा बांधलेला. तुम्ही पाहिला असता तर विचारलं असतं, हा कोणाकडचा पाहुणा. मला त्या चौकटीत तुम्ही काही सापडला नाहीत. सापडलात ते गाडीखाली, मी पाठीवर झोपलेला असताना, बोटाच्या टोकाला. आणि ते सापडणं फार वाईट होतं.

ती गाडी पहिल्यांदा आली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. जुनी, परदेशी, बिनगिअरची. कुणा भल्या माणसाने धारणीकडच्या एका लहानशा दवाखान्याला देऊन टाकलेली. मेळघाटातल्या गावांतून अडलेल्या बाया घेऊन ती घाट उतरून परतवाड्याला, नाहीतर थेट अमरावतीला यायची. इंजिन जाम झालं म्हणून सुखलालने ती ट्रकला बांधून आणली. सुखलाल तिचा ड्रायव्हर, कोरकू माणूस, दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा. गाडी आपल्या ताब्यात दिल्यावरही तो दोन दिवस बाकावर बसून राहिला, घरचं कुणी आत ॲडमिट असल्यासारखा. दवाखान्याकडे दुसरी गाडी नव्हती. तुम्ही त्याला डब्यातली अर्धी भाकर देत होतात आणि मला म्हणत होतात, याच्याकडे पाहून काम कर.

इंजिन नागपूरच्या भंगारातून आलं. कंपनी तीच, पण जात थोडी नवी. तिथेच आपलं पहिलं भांडण लागलं.

बिनगिअरच्या गाडीत इंजिनच्या पाठीला तव्यासारखी पातळ पोलादी प्लेट असते, फ्लेक्स प्लेट. तिला मागून तेलाने भरलेला गोल डबा बोल्टांनी जोडतात, तो कन्व्हर्टर. इंजिनची ताकद त्याच्यातून गिअरबॉक्सला जाते. प्लेट आणि कन्व्हर्टर दोन्ही इंजिनच्या वेगाने फिरतात, म्हणून त्यांचा तोल नेमका लागतो. आपल्या जुन्या प्लेटच्या कडेला लोखंडाचा एक तुकडा जोडलेला होता. नव्या इंजिनबरोबर आलेली प्लेट साफ होती, बिनतुकड्याची, पण कडेने जरा गंजलेली. मी म्हणत होतो, जुनी चांगली आहे, भोकं तंतोतंत जुळतात, तीच लावू आणि मोकळं होऊ.

"भोकं जुळली म्हंजे सोयरीक जुळली काय बे?" तुम्ही म्हणालात. "थो तुकडा तिथं काहून हाय, थे सांग मले."

मग तुम्ही खडूने फरशीवर गोल काढून समजावलं. जुन्या इंजिनने आपला सगळा तोल पोटात ठेवलेला नव्हता, थोडा बाहेर त्या तुकड्यात ठेवला होता. नवं इंजिन आतूनच तोललेलं. त्याला ती प्लेट लावायची म्हणजे नीट चालणाऱ्या माणसाच्या एका खिशात दगड टाकायचा. बरं, नवी प्लेट लावली तरी कन्व्हर्टर जुन्या गिअरबॉक्सबरोबरचाच राहणार. ती दोघं आजवर कधी एकत्र फिरलेली नाहीत. म्हणून दोघांना अकोल्याला नेऊन मशीनवर एकत्र तोलून आणायचं, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मी दिवस वाया जातो म्हणून कुरकुरलो. तुम्ही पोतं आणायला सांगितलंत.

पोत्यात प्लेट आणि कन्व्हर्टर घालून तुम्ही एसटीने अकोल्याला गेलात. मूर्तिजापूरच्या पुढे पोत्यातून तेल झिरपायला लागलं आणि कंडक्टर तापला. तुम्ही त्याला सांगितलं की पेशंट आहे, अकोल्याच्या डॉक्टरकडे नेऊन राहिलो, अर्धं तिकीट फाडा पाहिजे तर. ही गोष्ट तुम्ही आल्यावर तीनदा सांगितलीत आणि दर खेपेला कंडक्टरची मिशी वाढत गेली. तेव्हा मी कंटाळलो होतो. आता ती चौथ्यांदा कोणी सांगणार नाही.

तोलून आणलेली जोडी तुम्ही बाकावर ठेवली, तो खंडेनवमीचा आदला दिवस होता. कन्व्हर्टर प्लेटला चार बोल्टांनी बसतो, म्हणजे चार तऱ्हांनी बसू शकतो. चारही तऱ्हांनी बोल्ट घट्ट होतात. तोल मात्र ज्या एका तऱ्हेने मशीनवर साधला, तिथेच. तुम्ही दोघांवर समोरासमोर लाल रंगाचा एकेक ठिपका दिलात आणि म्हणालात, ठिपक्यासमोर ठिपका. मग शर्ट बदलून निघालात, कारण खंडेनवमी आणि दसरा हे दोन दिवस तुम्ही मेकॅनिक नसता, माळी असता. तुमच्या धाकट्या भावाच्या वावरातला झेंडू बाजारात यायचा आणि तुम्ही त्याच्याजवळ बसून हार विकायचात, दरवर्षी, काहीही झालं तरी. जाताना फाटकातून वळून म्हणालात, "मी येईस्तोवर कन्व्हर्टर प्लेटले लावू नको."

भाऊ, इथून पुढचं सगळं माझं आहे.

खंडेनवमीला सकाळी मी सगळं गॅरेज धुतलं. पाने, जॅक, वाइस, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं मशीन. तोलून आणलेली जोडीही तेलकट दिसत होती, म्हणून पेट्रोलच्या फडक्याने लख्ख पुसली. तेलावरचा तुमचा रंग अजून पुरता वाळला नव्हता, तो फडक्यावर आला असणार. फडकं आधीच शंभर रंगांचं, मला कळलंही नाही. मग वहिनी ताट घेऊन आल्या. तुमच्या वावरातली फुलं होती, हळद होती, कुंकू होतं. मी एकेका वस्तूला हळदकुंकू लावत गेलो. शेवटी बाकावरच्या जोडीपर्यंत पोचलो तेव्हा हळद संपली होती. नुसतं कुंकू लावलं. प्लेटला एक बोट, कन्व्हर्टरला एक बोट. नमस्कार केला.

दसऱ्याच्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, गाडी कधी मिळते. गाडी न्यायला परत आलेला सुखलाल बाकावरून माझ्याकडे पाहत होता. वाटलं, मुहूर्त चांगला आहे, भाऊ येईपर्यंत गाडी सुरू करून ठेवू, पाहून खूश होतील. खरं सांगू का, खूश होतील यापेक्षा चकित होतील, हे जास्त हवं होतं मला. अठ्ठावीस वर्षं तुमच्या हाताखाली काढली. अकोल्याहून आलो तेव्हा घरच्या शेतात माझ्या वाट्याला भावांचं ऐकणं तेवढं आलेलं. तुम्ही पहिल्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ माझ्या कानाला लावलीत आणि म्हणालात, ऐक. दुसरं काहीच शिकवलं नाही महिनाभर. इतक्या वर्षांनी मला एकदा तुम्ही नसताना काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. मी बाकाकडे पाहिलं. प्लेटवर लाल ठिपका, कन्व्हर्टरवर लाल ठिपका. ठिपक्यासमोर ठिपका लावून चारही बोल्ट आवळले.

मीच लावलेलं कुंकू मलाच ओळखू आलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा गाडी सुरू होती. तुम्ही रागावला नाहीत, बोनेटवर हात ठेवून उभे राहिलात आणि म्हणालात, खुणा जुळवल्या ना? मी म्हणालो, जुळवल्या. खोटं बोललो नाही, एवढंच काय ते माझं. तुम्ही हात काढला नाहीत. म्हणालात, थोडी कापते. मी म्हणालो, नवं इंजिन आहे, बसेल. दवाखान्याचा परत फोन आला आणि गाडी गेली.

आठवड्याने सुखलाल परत आला. गाडीतून उतरून त्याने दिवसाची दहाच्या दहा वाक्यं एकदम वापरली. चाळीसच्या वर नेली की गाडी थरथरते, पायाला मुंग्या येतात, घाटात भीती वाटते. मग म्हणाला, "मांगं झोपलेली बाई इचारते, गाडी कावून कापून राहिली."

तुम्ही म्हणालात, खाली घे, उघडून पाहू. मी म्हणालो, दोन दिवस जातील. तुम्ही म्हणालात, जाऊ दे, मी जातो खाली. तुमचा गुडघा, तुमची छाती, डॉक्टरने वाकायला मनाई केलेली, हे सगळं मला बोलायचं होतं. माझ्या तोंडून भलतंच निघालं. समोरच्या टपरीवर सहा-सात माणसं होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "तुमचा हात कापते आता भाऊ, गाडी नाई. अकोल्यात काय तोलून आनलं थे देवाले मालूम."

टपरीवर कोणीतरी हसलं. तुम्ही हातातलं फडकं घडी घालून बाकावर ठेवलंत. फडक्याची घडी घालताना मी तुम्हाला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सुखलाल रिकामा परत जाऊ शकत नव्हता, गाडी तशीच घेऊन गेला. त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी पान्याच्या नंबरांपलीकडे बोलला नाहीत. मी वाट पाहत होतो की तुम्ही भांडाल. तुम्ही मात्र माझं खरं मानलंत, मी खुणा जुळवल्या म्हटलं ते मानलंत, आणि मग चूक उरली ती तुमच्या नाहीतर अकोल्याच्या हाताची. आयुष्यभर इंजिनवर तळहात ठेवून रोग सांगणारा माणूस स्वतःच्या हाताकडे पाहत बसला होता, हे मी दोन दिवस पाहिलं आणि गप्प राहिलो. या गोष्टीची लाज मला कोणत्या शब्दांत सांगावी कळत नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही काही न सांगता अकोल्याला गेलात. चौथ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

स्मशानात टपरीवरची माणसं होती. एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, शेवटच्या कामात हात गेला बिचाऱ्यांचा, वय झालं होतं. तो माझंच वाक्य मला परत देत होता. मी मान हलवली. भाऊ, मी मान हलवली.

तेरवीनंतर सुखलालला फोन करून गाडी मागवली. दिवस जाऊ देत, दवाखान्याला परतवाड्याहून भाड्याने गाडी लावून दिली. गिअरबॉक्स मागे सरकवून खाली झोपलो आणि बॅटरी मारली. कुंकू तेलात काळं पडलं होतं, तरी दोन ठिपके समोरासमोर दिसत होते. अगदी बरोबर. मी समाधानाने उठणार होतो, म्हणजे किती नीच समाधान ते. तेवढ्यात तुमचं ओरडणं आठवलं, जे मी अठ्ठावीस वर्षं ऐकलं आणि कानाआड केलं: "भैताडा, रंगावर जाऊ नको, बोटानं पाह्यत जा." तुम्ही रंगाच्या ठिपक्याखाली टोकदार पंच हातोडीने ठोकून एक बारीक खड्डा मारून ठेवायचात, प्रत्येक वेळी. मी त्याला म्हाताऱ्याचा वहीम म्हणायचो. बोट फिरवलं. प्लेटवर खड्डा एका बोल्टाशी होता. कन्व्हर्टरवर तो त्याच्यासमोर नव्हता, पुढच्या बोल्टाशी होता. पाव फेरा चुकलेला. आणि प्लेटच्या भोकाभोवती केसाएवढी चीर गेली होती. आणखी काही खेपा झाल्या असत्या तर प्लेट घाटात फाटली असती, मागे बाई झोपलेली असताना.

सुखलाल वाकून म्हणाला, काय झालं. मी म्हणालो, माझ्याकडून झालं.

प्लेट गेलीच होती. तशीच दुसरी नागपूरहून मिळवली, कन्व्हर्टर पोत्यात घातला आणि एसटीत बसलो. यावेळी तेल झिरपलं नाही, मी तोंड नीट बांधलं होतं. तुमच्यासारखी गोष्ट माझ्या नशिबात नाही. अकोल्याच्या मशीनवाल्याची मी माफी मागायला लागलो तर तो म्हणाला, कशाची? तुमचे भाऊ येऊन गेले होते की. त्याने सांगितलं, तुम्ही भांडलाच नाहीत. मशीनवरचे आकडे त्याच्या वहीत पाहिलेत, खुर्ची ओढून बसलात आणि फक्त एक गोष्ट विचारलीत: हाच डबा पाव फेरा चुकवून लावला तर गाडी किती कापेल? त्याने सांगितलं. तुम्ही म्हणालात, तेवढीच कापून राहिली. मग चहा प्यायलात आणि निघालात.

म्हणजे परतीच्या एसटीत तुम्हाला कळलेलं होतं.

जोडी आणली. या खेपेला खड्डा मी मारला, दोघांवर, आणि रंग लावलाच नाही. चार बोल्ट आवळण्याआधी डोळे मिटून बोटाने पाहिलं. गाडी सुरू केली आणि बोनेटवर तळहात ठेवला तुमच्यासारखा. माझा हात तुमच्याएवढा शहाणा नाही, पण गाडी गप्प होती, हे त्यालाही कळलं. मग टपरीवर गेलो. तीच माणसं होती. त्यांना सांगितलं की भाऊंचं काम चोख होतं, चुकीचं मी लावलं, आणि त्यांच्या नावावर टाकलं. टपरीवाल्याने चहा पुढे केला. मला वाटलं होतं की बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

दोन दिवसांनी सेमाडोहवरून सुखलालचा फोन आला. खाली घेऊन येत होता कुणाला तरी. एवढंच म्हणाला, "बाई झोपली हाय मांगं." आणि ठेवला.

ते ऐकून मला वहिनींसमोर जायचं बळ आलं. काल गेलो. तुमच्या आंगणात बसून सगळं सांगितलं, फडकं, कुंकू, टपरी, सगळं. वाटलं, त्या उठून आत जातील. त्या सुपात दाणे निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांना माहीत होतं.

"गेले त्या दिशी सकाळी चहा पेता पेता मले इचारलं, पूजेच्या दिशी त्या गोल डब्याले कुंकू कोनं लावलं. म्या म्हनलं, गजूभाऊनं. मी तं ताट धरून उभी होती. तं हासले."

मी विचारलं, काय म्हणाले?

"काई नाई. म्हने, गज्याले भेटून येतो."

आणि ओट्यावर चप्पल घालायला बसले, म्हणाल्या. एक पायात होती.

तुमच्या हसण्याचे दोन प्रकार होते, भाऊ. एक, माझी चूक हातात सापडली की वर्षभर चारचौघांत वाजवायला मिळाली म्हणून. दुसरं, एखादी गोष्ट पोटात ठेवायची ठरवली की. वहिनींना मी तीनदा विचारलं, कसं हसले. त्यांना सांगता येईना. पहिलं असेल तर माझी काही तक्रार नाही, तुम्ही यायला हवं होतं, टपरीसमोर उभं राहून मला भैताड म्हणायला हवं होतं. मी खाली मान घालून ऐकलं असतं आणि माझी सुटका झाली असती. दुसरं असेल तर तुम्ही मला सोडून दिलंत, आणि ते घेऊन मी कुठे जाऊ, मला समजत नाही.

भेटून येतो म्हणालात. मी रोज सकाळी गॅरेज उघडतो, भाऊ. फाटक उघडंच असतं.